७६ दिवसांचं सोवळं

९ जून २०२४, रविवार. मुंबईतल्या एका दुकानातून पावडर ब्लू टँग हा समुद्री मासा घेऊन मी स्लो लोकलने ठाण्याला आले. मांडीवर पिशवी, पिशवीवर ओढणी. आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळा पट्टा. मुलीने पाहताक्षणी त्याचं नाव ठेवलं, नवरदेव. किंमत ३,८०० रुपये. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, पंधरा दिवस झाले येऊन. सेट आहे. डायरेक्ट सोडा." मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून पुढे काही विचारलंच नाही.

आमच्या पाचपाखाडीच्या घरात चार फुटांची समुद्री टाकी आहे, साधारण ३०० लिटरची. दोन क्लाउन, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, शेवाळ खरवडणारी एक ब्लेनी, एक फायरफिश, शिवाय कोलंबीच्या जातीतला एक क्लीनर श्रिंप, गोगलगायी आणि चार शंखखेकडे. प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे 'लाइव्ह रॉक' (समुद्रातून काढलेले, जीव चिकटलेले दगड) म्हणून कोणी काही विकायला आलं तरी मी लांबच राहते. माझे दगड कोरडे, विकत आणलेले. चार फुटांची टाकी त्या टँगला मुळात लहानच. हेही मला माहीत होतं आणि तरी आणला.

शुक्रवारी, १४ तारखेला, त्याच्या कल्ल्यावर सहा-सात पांढरे दाणे दिसले. उपम्याचा बारीक रवा बोटाने टोचून बसवावा तसे, सुटे सुटे. समुद्री माशांत पांढरं काही दिसलं की दोन शंका येतात. दाणे सुटे, मोजता येतील असे असतील तर बहुधा क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे मरीन इक हा परजीवीचा रोग. अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक पूड दिसत असेल, मासा उजेड टाळून पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा राहत असेल तर व्हेल्वेट, दुसऱ्या परजीवीचा रोग. तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. माझं पहिलं होतं. मी लसणाच्या रसात भिजवलेलं खाणं घातलं आणि वाट बघितली.

रविवारी सकाळी दाणे गायब! मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. संध्याकाळी पाव किलो पेढेसुद्धा आणले. आता सांगायला लाज वाटते.

दाणे गेले म्हणजे मासा बरा झाला नव्हता. हा परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस जेवतो, मग स्वतःहून गळून पडतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर कोष करून बसतो. त्या एका कोषात शेकडो पिल्लं तयार होतात. कोष फुटला की पिल्लांना दिवस-दोन दिवसांत मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. बंद टाकीत मासा सापडणं काय अवघड? मी पेढे खात होते तेव्हा त्यांच्या मेजवानीची तयारी चालली होती.

१९ तारखेला दाणे मोजण्यापलीकडे गेले. नवरदेवाबरोबर फायरफिशवर, क्लाउनच्या शेपटीवर. कल्ले धपापत होते. शुक्रवारी २१ तारखेला सासूबाई वडाची पूजा करून आल्या आणि टाकीत डोकावून म्हणाल्या, "अगं, तुझा नवरदेव आडवा झालाय." वटपौर्णिमेच्याच दिवशी. हसावं की रडावं कळेना. फायरफिश त्याच रात्री गेला.

त्या रात्री मी जे वाचायला घेतलं ते टँग आणायच्या आधी वाचायला हवं होतं. मुद्दा एकच निघाला. औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही. इकवर चालणारं भरवशाचं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने श्रिंप, खेकडे, गोगलगायी मरतात. वरून दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात त्याचं प्रमाण टिकत नाही. म्हणजे मासे बाहेर काढून वेगळ्या उघड्याबोडक्या टाकीत औषध, आणि मोठी टाकी बिनमाशाची ठेवायची. मासा नाही मिळाला की कोषातली पिल्लं उपाशी मरतात. किती दिवस? काही जण म्हणतात, २७ अंशांच्या आसपास पाणी असेल तर ४५ पुरेत. पण एका प्रयोगात कोष ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, त्यावर चार दिवसांची भर घालून जुना आकडा ७६. मी एकदा घाई करून बसले होते. ७६ धरले.

शनिवारी दोन फूट बाय एक फूटची काचेची टाकी आणली, १,२०० रुपये. ठेवायची कुठे? औषधाची टाकी मोठ्या टाकीपासून निदान दहा फूट लांब हवी, कारण पाण्याच्या तुषारांतूनही लागण जाते. उरलं मुलीचं अभ्यासाचं टेबल. ती दहावीत नाही हे नशीब. टाकीत वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरकडून मागून आणलेली पीव्हीसीची तीन नळकांडी, एक स्पंज फिल्टर, वर मच्छरदाणीची जाळी, कारण क्लाउन उडी मारतात. पाणी मोजून भरा, ही माझी पहिली सूचना. काचेवर लिहिलेली मापं आणि प्रत्यक्षात भरलेलं पाणी यांत फरक पडतो आणि औषधाचा हिशेब लिटरवर असतो. मी पाच लिटरच्या मगाने मोजून ६५ लिटर भरलं, मार्करने काचेवर रेघ मारली. त्यात सव्वादोन किलो समुद्री मीठ.

रविवारी, २३ जूनला मासे पकडले. वाक्य लहान आहे, काम दुपारी चारला सुरू होऊन रात्री अकराला संपलं. दगड जागेवर असताना डॅमसेल जाळ्यात येत नाही, हे सगळे सांगतात आणि सगळे आधी प्रयत्न करून बघतात. शेवटी १८ किलो दगड बादल्यांत काढले. तरी तो सापडेना. नवऱ्याने पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला, आत कोळंबीचा तुकडा टाकला आणि आम्ही दिवा घालवून जेवायला बसलो. परत आलो तर पाहुणा आत.

आता सोवळ्याची गोष्ट. औषधाच्या टाकीची बादली, जाळं, नळी, टॉवेल सगळं वेगळं, आणि तिथे बुडालेला हात साबणाने धुऊन कोरडा केल्याशिवाय मोठ्या टाकीत घालायचा नाही, कारण ओल्या हाताच्या दोन थेंबांनीही ७६ दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. हे नवऱ्याला आणि मुलीला मी तीनदा सांगितलं. तरी दुसऱ्याच दिवशी नवरा तेच जाळं घेऊन हॉलमध्ये! सासूबाईंना मात्र एकदाच सांगावं लागलं. "म्हणजे सोवळं-ओवळं," त्या म्हणाल्या आणि देवघरातल्या लाल धाग्याचा तुकडा आणून औषधाच्या बादलीच्या कडीला, जाळ्याला आणि नळीला बांधला. "धागा दिसला की ओवळं. ते हॉलमध्ये यायचं नाही." मी आयुष्यभर सोवळ्याला नाकं मुरडली आहेत. त्या जूनमध्ये घरात ते अक्षरशः पाळलं गेलं, फक्त माशांसाठी.

तांब्यावरही त्यांचं म्हणणं होतं. "तांब्याचं पाणी आपण पितो. मग देवघरातला तांब्याच बुडव की त्यात." खरं तर चुकीचं काय होतं? पण इथे सगळा खेळ मापाचा आहे. मी वापरलं ते चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं तांबं, त्याचं काम २.० ते २.५ पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम) होतं. दोनच्या खाली गेलं की परजीवी वाचतो आणि तुमची दिवसमोजणी शून्यावर येते. फार वर गेलं की मासा मरतो. औषधाचे प्रकार वेगळे, त्यांची मापंही वेगळी. आयनिक, म्हणजे न बांधलेल्या तांब्याची काही औषधं अर्ध्या पीपीएमवरच चालतात, तिथे माझा आकडा घातला तर मासे संपले. बाटलीवरचं वाचा. आणि रंग जुळवायच्या पट्ट्यांवर इथे विसंबू नका. मी तांबं मोजायचा हॅनाचा डिजिटल चेकर घेतला, ७,४०० रुपये, २५ चाचण्यांची पुडकी आणखी १,५००. तेव्हा जीव कळवळला. आज कोणी विचारलं तर सांगते, औषधाआधी हे घ्या.

सोमवारी ०.८, मंगळवारी १.५, बुधवारी २६ जूनला २.२. तिथून दिवस मोजायला सुरुवात. दीड पीपीएमलाच दोन्ही क्लाउननी खाणं सोडलं. दोन दिवस नळकांड्याच्या तोंडाशी नुसते डोलत राहिले. तिसऱ्या दिवशी मादीने एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. मी ऑफिसला निघालेली, दारात चपला घालून उभी, आणि तो दाणा पोटात जाईपर्यंत हलले नाही. ८.२० ची गाडी गेली.

ब्लेनीचं चुकलं. ती शेवाळ खाणारी, आणि उघड्या टाकीत शेवाळ कुठून येणार? नोरी, म्हणजे सुशी या जपानी पदार्थाला लावतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ, क्लिपने लावून द्यायला हवं होतं. मी मागवलं ते सहाव्या दिवशी आलं. तिने तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी गेली. औषधाने नाही, उपासमारीने. हे मी माझ्या खात्यात लिहिलं आहे.

पहिल्या तीन आठवड्यांत तांब्याइतकाच त्रास अमोनियाने दिला. मी मोठ्या टाकीच्या संपमधला, म्हणजे तिच्या फिल्टरच्या जोडटाकीतला जुना स्पंज या फिल्टरला लावला होता, तरी चौथ्या दिवशी अमोनिया ०.५ दाखवायला लागला. अमोनिया बांधणारं द्रावण घालावंसं वाटतं, पण तांब्याच्या काही औषधांबरोबर ते घातलं की तांबं आणखी विषारी होतं. म्हणून एक दिवसाआड ३० लिटर पाणी बदलायचं, आणि नवं पाणी आधी बादलीत तांबं घालून, मोजून, मगच आत. उलट बाजूने, पाणी उडून गेलं की तांब्याचा आकडा चढतो. ती मार्करची रेघ याचसाठी. पाणी रेघेखाली गेलं की साधं आरओचं पाणी भरायचं, मिठाचं नाही.

७ जुलैच्या रात्री आभाळ फाटलं. दुसऱ्या दिवशी लोकल ठप्प झाल्या तोच पाऊस. पहाटे पावणेतीनला आमच्या इमारतीची वीज गेली. मोठ्या टाकीत आता मासेच नव्हते, त्यामुळे तिची काळजी नव्हती, पण ६५ लिटरमध्ये तीन मासे आणि हवा बंद. ८५० रुपयांचा बॅटरीवरचा एअर पंप मी आदल्याच आठवड्यात आणला होता. सेल मात्र आणले नव्हते. टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढले. वीज सहाला आली. मधल्या वेळात मी आणि लेक टेबलाजवळ खाली बसून बुडबुडे बघत होतो. तिने मला गणिताचा एक धडा समजावून सांगितला, मला तेव्हाही कळला नाही.

२६ जुलैला तीस दिवस पूर्ण. पाणी बदललं, फिल्टरमध्ये कार्बन टाकला, तीन दिवसांत चेकर शून्यावर आला. मला वाटलं झालं. पण डॅमसेल अधूनमधून नळकांड्याला अंग घासत होता, आणि तांब्याने फ्लूक मरत नाहीत. फ्लूक म्हणजे अंगाला, कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी. पारदर्शक असल्यामुळे माशावर दिसत नाहीत. ते आहेत का हे बघायचा जुना उपाय म्हणजे गोड्या पाण्याची आंघोळ. टाकीच्याच तापमानाचं आणि पीएच जुळवलेलं गोडं पाणी, जोरात हवा, पाच मिनिटं. मासा समोर घड्याळ लावून बघायचा. तो आडवा पडतो, घाबरतो. आपणही घाबरतो. मी काळी बादली घेतली होती. डॅमसेलला परत सोडल्यावर तळाशी तिळाएवढे तीन पांढरे तुकडे दिसले. गोड्या पाण्यात ते पांढरट होऊन गळतात. लेक म्हणाली, "ई", आणि मोबाइलवर फोटो काढला.

यावर औषध प्राझिक्वांटेल, माणसांनाही देतात. म्हणजे चिठ्ठी हवी. दोन केमिस्टांनी तोंडाकडे बघितलं, तिसऱ्याने विचारलं, "कोणाला होतंय?" माशाला म्हटल्यावर त्याने शांतपणे काउंटर पुसायला घेतला. मग कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माशाचा रोग आपला विषय नाही हे आधीच सांगितलं, पण काळ्या बादलीचा फोटो पाहिला, मात्रेचा हिशेब माझ्याकडून समजून घेतला आणि चिठ्ठी दिली. प्राणी: मासे (३). मालक: माझं नाव. वय या रकान्यात डॅश. फी ४००. चौथ्या केमिस्टने ती चिठ्ठी दोनदा वाचली, गोळ्या मागवाव्या लागतील म्हणाला, दोन दिवसांनी मिळाल्या. चार गोळ्या १८० रुपये. लिटरला अडीच मिलिग्रॅमप्रमाणे ६५ लिटरला जेमतेम १६० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या गोळीचा पावच्या किंचित वर. ती कुटायला खलबत्ता मागितला तर सासूबाईंनी नुसतं बघितलं. दोन चमच्यांमध्ये चिरडली. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, पाणी गढूळ होतं आणि त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून हवा वाढवून ठेवा. पहिला डोस ३० जुलै, पाणी बदलून दुसरा ६ ऑगस्ट.

आणि मध्ये ५ ऑगस्टला श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावणात घरात मासळी येत नाही, आणि आमच्या फ्रीझरमध्ये चेंदणी कोळीवाड्याजवळच्या मावशीकडून आणलेली, सोलून बारीक चिरून गोठवलेली कोळंबी होती. (तिने विचारलं होतं, "माशाला कोळंबी घालता? मग तो मासा खाणार कधी?") गटारीच्या रात्री सासूबाई फ्रीझर उघडून म्हणाल्या, "हे उद्या इथे नको." वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या बाईने दीड महिना माझं सोवळं एकही चूक न करता पाळलं होतं, तिचं मी महिनाभर पाळू नये? समोरच्या मालवणच्या काकू फक्त सोमवार पाळतात. डबा त्यांच्याकडे गेला. रोज संध्याकाळी मी वाटी घेऊन त्यांच्या दारात. साखर मागायला जावं तशी.

या सगळ्यात हॉलमधली टाकी दिवे लावून, पंप चालू, रिकामी. येणारा प्रत्येक जण विचारायचा. वायरमन म्हणाला, "मासे मेले काय?" श्रिंप आणि खेकड्यांसाठी मी एक दिवसाआड एक-दोन दाणे टाकायचे. त्यांना हा रोग होत नाही. श्रिंप मात्र काचेशी येऊन मिश्या हलवत उभा राहायचा. त्याचं काम माशांची अंगं साफ करायचं, आणि गिऱ्हाईक नव्हतं. वाईट वाटायचं ते त्याचं.

याच दिवसांत हिशेबाची वही बेरजेला घेतली. टाकी, स्पंज फिल्टर, तांबं, चेकर, पुडकी, १५ किलो मीठ, अमोनियाची चाचणी, बॅटरीचा पंप, डॉक्टर, गोळ्या: २०,२८० रुपये. नवरदेव ३,८०० चा होता.

२३ जूनपासून ७६ वा दिवस मोजला तर तो आला ७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. घरभर पाहुणे, उकडीचे मोदक, आणि अशात मी बादल्या घेऊन फिरणार? एक दिवस आणखी थांबले. रविवारी महापालिकेच्या कृत्रिम तलावावर विसर्जन करून आलो, ओले पाट धुतले, आणि रात्री साडेनऊला तीन मासे डब्यांत घेतले. तासभर मोठ्या टाकीचं पाणी थोडं थोडं डब्यांत घातलं. डब्यातलं पाणी मात्र मोठ्या टाकीत ओतायचं नाही. मासा हाताने किंवा कोरड्या जाळ्याने सोडायचा.

डॅमसेल सुटला तो थेट दगडांमागे. क्लाउनची मादी पंपाखालच्या तिच्या जुन्या कोपऱ्यात गेली, नर तिच्या मागे. दहा मिनिटांनी श्रिंप दगडावरून उतरला, मिश्या पुढे करून त्यांच्याकडे गेला, आणि मादी त्याच्यापुढे तिरकी होऊन थांबली.

औषधाची टाकी ब्लीचने धुऊन गॅलरीत चार दिवस उन्हात वाळवली. ऑक्टोबरमध्ये एक नवा गोबी मासा आणला. दुकानदार म्हणाला, "सेट आहे मॅडम." मी घरी आले तेव्हा अभ्यासाचं टेबल लेकीने आधीच रिकामं करून ठेवलं होतं, आणि सासूबाई बादलीच्या कडीला नवा धागा बांधत होत्या. जुना ब्लीचमध्ये पांढरा पडला होता.